डोंगर कुणाच्या खात्यात?

दरवर्षी जुलै-ऑगस्टात ती बातमी येते, की पृथ्वी वर्षभरात जेवढं परत उगवून देऊ शकते तेवढं माणसांनी आजच संपवलं, आता डिसेंबरपर्यंत सगळं उधारीवर. २०२५ साली ती तारीख २४ जुलै निघाली. त्याच आठवड्यात गोव्यातल्या डिचोलीत एका वाचनालयात यावर चर्चा ठेवली होती, बाहेर पाऊस कोसळत होता तरी हॉल भरला, आणि लोकांना या विषयाचं पडलंय हे बघून मला बरं वाटलं. पण दोन तासांनी घरी येताना मी अस्वस्थ होते. एका बाजूची मंडळी म्हणत होती, अमेरिकन माणूस आपल्या सहा-सातपट वापरतो, आधी त्यांना सांगा, आम्हाला शिकवू नका. दुसरी बाजू म्हणत होती, भारताची जमीन एवढ्या लोकांना पुरणारच नाही, आकडेच सांगतायत, लोकसंख्या आवरा, आणि तिथून घसरत घसरत गाडी गोव्यात आलेल्या भायल्या, म्हणजे बाहेरच्या, लोकांवर आली, जशी हल्ली प्रत्येक चर्चेत येते. दोघांच्या हातात तक्ता एकच होता, कुठला देश माणशी किती वापरतो आणि त्याच्याकडे किती आहे, हे सांगणारा. शेवटी एक माणूस उठला, पूर्वी लोहखनिजाचे ट्रक चालवायचा, म्हणाला, "मी धा साली दिसाक तीन-चार ट्रिपा मारतालों, तें सगळें खनिज चीनला गेलें, मग ह्या तक्त्यात तें कुणाच्या नांवार?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. पण मला वाटतं त्या संध्याकाळी विचारला गेलेला खरा प्रश्न तोच होता.

माझं मत आधीच सांगते. देशादेशांचा वापर आणि त्यांच्या निसर्गाची ताकद शेजारी ठेवून बघणं हे एका कामासाठी फार चांगलं आहे, सगळी माणसं मिळून मर्यादा ओलांडतायत हे दाखवायला. पण आपण तो तक्ता भलत्याच दोन कामांना वापरतोय, स्वतःला निर्दोष ठरवायला आणि दुसऱ्याला दोषी ठरवायला. त्या कामांना तो चालत नाही, कारण तो देशाच्या सीमेवर थांबतो आणि सीमेच्या आत सगळ्यांची सरासरी काढतो. कोण घेतो आणि कुठल्या मातीतून घेतो, हे दोन्ही त्यात दिसत नाही. तुलना करायचीच असेल तर प्रत्येक वस्तू जिथून आली तिथपर्यंत मागे जाऊन करायला हवी, आणि तिथे जाऊन विचारायला हवं की इथून किती न्यायचं हे कुणी ठरवलं.

हिशेब कसा करतात ते थोडक्यात, कारण त्या दिवशी हॉलमध्ये अर्ध्यांना ते माहीत नव्हतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनागेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मांडला. तुम्ही खाता ते धान्य, मासे, दूध, वापरता ते लाकूड, कापूस, तुमचं घर आणि रस्ता अडवतो ती जागा, आणि तुम्ही जाळलेल्या इंधनाचा कार्बन शोषून घ्यायला जेवढं जंगल लागेल ते, हे सगळं जमिनीत मोजायचं. सुपीक-नापीक जमिनी एका मापात याव्यात म्हणून ग्लोबल हेक्टर हे एकक. हा झाला फूटप्रिंट. देशातली शेतं, कुरणं, जंगलं आणि समुद्र वर्षाला जेवढं देऊ शकतात ती जैवक्षमता. जगाचा माणशी फूटप्रिंट साधारण २.६ आणि क्षमता १.५ च्या आसपास. अमेरिकेचा सातच्या पुढे, क्षमता साडेतीनच्या जवळ. भारताचा १.१ च्या आसपास, क्षमता ०.४. म्हणजे आपण जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी वापरतो, आणि तरीही आपल्याकडे आहे त्याच्या अडीचपट वापरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि हॉलमधल्या दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीची अर्धी ओळ उचलली होती.

पहिल्या बाजूचा मुद्दा पूर्णपणे मान्य करूनच पुढे जायला हवं, कारण तो खरोखर वजनदार आहे. हवेत आज जो कार्बन साठलाय त्यातला मोठा हिस्सा युरोप-अमेरिकेने दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून सोडलेला आहे. इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस इंग्लंडात पिकत नव्हता, तो अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या हातांनी पिकत होता, साखर कॅरिबियन बेटांवरून येत होती, म्हणजे एका छोट्या बेटाने आपल्या जमिनीच्या कितीतरी पट जमीन परक्या मुलखात वापरून श्रीमंती कमावली. गांधीजींनी १९२८ साली 'यंग इंडिया'त हेच लिहिलं होतं, की एक चिमुकलं बेट आज सगळ्या जगाला साखळीत बांधून ठेवतंय, तीस कोटींच्या देशाने तीच वाट धरली तर टोळधाडीसारखी पृथ्वी उघडी पडेल. सगळे ते वाक्य पश्चिमेला सुनवायला वापरतात. पण गांधीजी ते कुणाला सांगत होते? आपल्याला. तीस कोटींचे आता एकशे चाळीस कोटी झालेत, आणि देश म्हणून एकूण फूटप्रिंट धरला तर चीन आणि अमेरिकेच्या मागोमाग तिसरा नंबर आपला लागतो.

आणि तो माणशी १.१ कुठून येतो हे कुणी बघतं का? ती सरासरी आहे. तिच्यात पणजीत एसी लावून झोपणारी मी आहे आणि एका सिलेंडरवर दोन महिने काढणारी बाईही आहे. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या अंदाजाप्रमाणे देशाच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त वाटा वरच्या दहा टक्क्यांकडे जातो, आणि उत्पन्न जिथे जातं तिथेच गाड्या, विमानप्रवास, दुसरं-तिसरं घर जातं. आपला आकडा लहान आहे तो आपल्या संयमामुळे नाही, कोट्यवधी लोकांना काही मिळतच नाही म्हणून आहे. मग त्या गरिबाच्या न वापरलेल्या वाट्यावर बोट ठेवून मी अमेरिकेला उत्तर द्यायचं, आणि तेच बोट माझ्याकडे वळलं की गप्प बसायचं, हे मला पटत नाही. जागतिक वाटाघाटीत भारताने माणशी हिशेब मांडावा, जोरात मांडावा, तो न्यायाचा आहे. पण तोच न्याय देशाच्या आत आला की आपल्यातल्या कुणाला तो नको असतो.

दुसऱ्या बाजूचं काय? माणसं वाढली की माणशी जमीन कमी होते हे साधं गणित आहे, ते नाकारून चालणार नाही. गोव्यात १९६० च्या खानेसुमारीत सहा लाखांना थोडी कमी माणसं होती, २०११ ला साडेचौदा लाख झाली, आणि राज्य तेवढंच आहे, ३७०२ चौरस किलोमीटर. पण ०.४ हा आकडा दाखवून "जमीन पुरत नाही म्हणजे माणसं जास्त" असं म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्सकडे बघावं. त्यांची क्षमता माणशी एक हेक्टरही भरत नाही, फूटप्रिंट त्याच्या कित्येक पट आहे, आणि तिथे डच लोक जास्त झाले असं कुणी म्हणत नाही, कारण ते पैसे देऊन बाहेरून आणतात. म्हणजे श्रीमंताची तूट हा व्यापार आणि गरिबाची तूट ही लोकसंख्या, असा हा न्याय आहे. आणि गोव्याच्या बाबतीत तर हा मुद्दा डोळ्यांनी खोटा ठरतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या पाच घरांतलं एक घर रिकामं सापडलं. त्यात माणूस नाही, चूल नाही, लोकसंख्येच्या आकड्यात त्याची भर नाही, पण डोंगर कापून झालाय, लाल माती पावसात खाली शेतात आलीय, विहिरीला लागणारी झऱ्याची वाट बंद झालीय. मग भार कुणाचा? शेजारच्या खोलीत सहाजण मिळून राहणाऱ्या, त्याच घराचं बांधकाम करायला आलेल्या कामगारांचा, की वर्षातून दहा दिवस येणाऱ्या मालकाचा? आणि खरं बोलायचं तर जमीन विकणाऱ्या आपल्या माणसाचाही? भायले-भितरले हे भांडण मला म्हणूनच खोटं वाटतं. एका वर्षात कोटीच्या वर पर्यटक येतात, त्यांच्यावर आपलीच घरं चालतात, आणि राज्यात नोंदवलेल्या गाड्या जवळजवळ माणसांएवढ्या आहेत, त्या काय सगळ्या बाहेरच्यांनी आणल्या?

आता त्या ट्रकवाल्याचा प्रश्न. मी नंतर बरंच वाचलं, आणि उत्तर असं आहे की तो डोंगर कुणाच्याच नावावर नाही. खनिज वितळवताना जळलेला कोळसा ज्याने शेवटी ती वस्तू विकत घेतली त्याच्या खात्यात जातो, तेवढं बरोबर आहे. पण खनिजाचा साठा संपणं या हिशेबात नाहीच. भूजल आटणं नाही. शेतात गाळ भरणं हे फार तर पुढच्या वर्षी उत्पन्न कमी झालं की क्षमता घटली म्हणून दिसतं, म्हणजे ज्याचं शेत गेलं त्याचीच कुवत कमी झाली असं दिसतं! गोव्याचं खनिज १९५० च्या दशकात जपानला जात होतं, मग २००० नंतर चीनची मागणी अशी काही वाढली की पूर्वी टाकाऊ म्हणून बाजूला रचलेला हलक्या प्रतीचा मालही उचलला गेला, आणि २०१०-११ च्या सुमाराला वर्षाला पाच कोटी टनांच्या वर निर्यात झाली. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती उपसून बाजूला टाकावी लागते, तिचे डोंगर अजून उभे आहेत. डिचोलीजवळच्या शिरगावात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि विहिरी आटल्या, लोकांना कोर्टात जावं लागलं. या सगळ्या वर्षांत तक्त्यातला भारताचा आकडा त्याने किती हलला? जवळजवळ काहीच नाही.

हे फक्त आपल्याबाबत झालं असतं तर मी म्हटलं असतं की लहान राज्य आहे, सुटलं असेल. पण नाउरू बघा. प्रशांत महासागरातलं एकवीस चौरस किलोमीटरचं बेट, आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढं. तिथलं फॉस्फेट दशकानुदशकं खणून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांवर खत म्हणून पसरलं गेलं. १९६८ ला बेट स्वतंत्र झालं, काही वर्षं माणशी उत्पन्नात जगात वरच्या रांगेत होतं, मग फॉस्फेट सरलं आणि मागे बेटाच्या बहुतेक भागावर नुसते चुनखडीचे सुळके उरले. आता तक्त्यात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड शिल्लक असलेले देश आहेत, वापरतात त्यापेक्षा त्यांची क्षमता जास्त आहे. त्या क्षमतेत, त्या हिरव्या कुरणांच्या उत्पन्नात, नाउरूचं पोट आहे. ते कुठे लिहिलंय? आपल्या पंजाबचंही तेच. हेक्टरी गहू-तांदूळ वाढला की या पद्धतीत शेताची क्षमता वाढली असं धरलं जातं, आणि पंजाब वर्षाला जमिनीत जेवढं पाणी मुरतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसतोय हे त्यात येत नाही. शेतीचा रकाना जगभर नेहमी जुळलेला दिसतो तो यामुळे, जेवढं पिकवलं तेवढी क्षमता. जगाची जी तूट बातमीत येते ती जवळजवळ सगळी कार्बनमुळे आहे. हे त्या पद्धतीचे टीकाकार २०१३ पासून सांगतायत, आणि काहीजण त्यावरून म्हणतात की बघा, हा हिशेबच फालतू, तूट वगैरे काही नाही. मला उलटं वाटतं. त्यात जे मोजलं जात नाही ते मोजलं असतं तर चित्र याहून वाईट दिसलं असतं.

तंत्रज्ञानावर भिस्त ठेवणारेही त्या दिवशी एक-दोन होते, आणि त्यांच्याकडे चांगलं उदाहरण होतं. १९८० साली अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी पैज लावली होती, तांबं, कथील, निकेल, क्रोमियम आणि टंगस्टन हे पाच धातू दहा वर्षांत महाग होतील की स्वस्त. एर्लिक म्हणाले टंचाई होणार, महागतील. १९९० ला हिशेब झाला, महागाई वजा जाता किमती उतरल्या होत्या, एर्लिकनी चेक पाठवला. ठीक आहे, घाबरवणारे चुकले. पण पैज कशावर होती? किमतीवर. धातू स्वस्त झाला म्हणजे ज्या गावातून तो काढला त्या गावाची विहीर भरली, असं होत नाही ना. उलट वस्तू स्वस्त पडते तेव्हा बऱ्याचदा त्याचं कारणच हे असतं की डोंगराचं, विहिरीचं, शेताचं नुकसान किमतीत धरलेलं नाही, ते गावावर सोडून दिलंय.

मग आपण तरी दुसऱ्याच्या गावावर काय काय सोडतो, हेही बघायला हवं, नाहीतर मीही तेच करतेय जे त्या हॉलमधले करत होते. सकाळी मी बल्ब लावते ती वीज गोव्यात बनत नाही म्हटलं तरी चालेल, आपला मोठा वाटा छत्तीसगडातल्या कोरबा आणि मध्य प्रदेशातल्या विंध्याचलच्या कोळशाच्या केंद्रांतून येतो, आणि कोरब्याला कोळसा गेवरासारख्या अवाढव्य खुल्या खाणींतून येतो, जिथली गावं उठवली गेली. मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा ट्रॅक, चौपदरी रस्ता आणि छत्तीसगडातल्या तमनारहून येणारी वीजवाहिनी नको म्हणून २०२० साली पोरं रस्त्यावर आली, मी त्यांच्या बाजूची होते आणि आजही आहे. पण तार जिथून निघते त्या टोकालाही जंगल आणि माणसं आहेत हे आपल्या किती फलकांवर होतं? म्हादईचं पाणी वळवू नका, नदीला स्वतःसाठी पाणी लागतं, खाडीत मचूळ पाणी वर चढेल, हे आपण कर्नाटकाला सांगतो आणि ते बरोबरच आहे. तिळारीचं धरण मात्र महाराष्ट्रातल्या दोडामार्गात आहे, पाण्यातला मोठा वाटा गोव्याचा आहे, आणि ज्यांची गावं बुडाली ते धरणग्रस्त कितीतरी वर्षं आंदोलन करत होते. त्यांची आठवण आपल्याला कालवा फुटून बार्देस-पेडण्याचे नळ कोरडे पडले की येते. भाजी बेळगावहून चोर्ला घाटातून येते, कांदा नाशिकचा, दूध बरंचसं घाटावरचं. २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याचा गोंधळ झाला, बाहेरची मासळी काही काळ बंद केली, आणि एवढा समुद्रकिनारा असून बाजारात बांगडा घ्यायचा म्हणजे काय होतं ते आठवा.

इथे कुणीतरी म्हणेल, मग जुना गोवा परत आणा, स्वयंपूर्ण होता. नव्हता. पोर्तुगीज काळातही तांदूळ बाहेरून आणावा लागायचा, मुंबईला आणि आफ्रिकेला गेलेल्यांच्या मनीऑर्डरींवर कितीतरी घरं चालायची. पण त्या जुन्या गोव्यात एक गोष्ट होती जिच्याकडे मी परत परत येते, ती म्हणजे खाजन. खाडीकाठची जवळपास अठरा हजार हेक्टर जमीन, समुद्रसपाटीला किंवा तिच्याही खाली, माती आणि दगडाचे बांध घालून भातासाठी मिळवलेली. बांधात लाकडी दाराची मानस, भरतीला पाण्याच्या दाबानेच दार मिटतं, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं. आत खारं सोसणारं कोरगुट भात, मानशीवर सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि मासे. मानशीवर मासे धरायचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने द्यायचे, आणि गांवकरीच्या, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेच्या, पैशातून बांध दुरुस्त व्हायचा. यात आदर्श काही नव्हतं, गांवकरी ठराविक घराण्यांतल्या पुरुषांची होती, बांधावर चिखल वाहणाऱ्याला त्यात वाटा नव्हता, बायकांना तर नाहीच. ती रचना परत यावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिथे घेणारा आणि सोसणारा एकाच बांधाच्या आत होता. कुणी मानस रात्रीची जास्त वेळ उघडी ठेवली, जास्त सुंगटं मिळावीत म्हणून, तर खारं पाणी त्याच गावाच्या भातात शिरायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळायचं कुणी केलं ते. किती घ्यायचं ही मर्यादा कुणाच्या चांगुलपणावर नव्हती, नुकसान डोळ्यांसमोर होत होतं म्हणून ती टिकत होती. अंतर वाढलं की ती टिकत नाही, मग ते अंतर बीजिंग ते डिचोली असो की पणजी ते कोरबा.

एवढ्या मोठ्या जगात घेणारा आणि सोसणारा परत एका बांधाआड आणता येणार नाही, हे मला कळतं. मग निदान जिथून घेतलं जातं तिथल्या बाजूने आकडा ठरवता येतो, आणि हे आपल्याकडे एकदा झालेलं आहे. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आल्यावर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातून वर्षाला २ कोटी टनांच्या वर खनिज काढू नये अशी मर्यादा घातली, शिवाय विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितली. चीनला किती हवंय, जगात भाव काय चाललाय, भारताचा माणशी फूटप्रिंट किती, यातलं काही त्या मर्यादेच्या मुळाशी नव्हतं. इथली जमीन, रस्ते, पाणी किती सोसतील, यावरून ती आली. खाणी बंद झाल्या तेव्हा त्या ट्रकवाल्यासारख्या हजारोंचे हप्ते थकले, ती जखम मी विसरत नाही, मर्यादा आधीपासून असती तर एवढे ट्रक कर्ज काढून घेतलेच गेले नसते आणि एका दिवसात सगळं थांबवायची वेळ आली नसती.

२०२२ पासून लीजांचे लिलाव झालेत, डिचोलीच्या बाजूला परत खनिज निघायला लागलंय. तो २ कोटींचा आकडा बरोबर आहे का, एक कोटी का नको, शिरगावच्या पाण्याच्या पातळीवर तो ठरतो की जेटीच्या क्षमतेवर, पुढच्या पिढीचा निधी कुठे गुंतवलाय आणि त्यातून गावाला काय दिसलं, पुढच्या वर्षी जुलैत वाचनालयात मला यावर भांडायचंय, आणि त्या ट्रकवाल्याला पहिल्या रांगेत बसवायचंय.